मुठीने पारखलेलं पुस्तक

टोकावडे,
२ फेब्रुवारी

रविना,

वर 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलंय. दोन वर्षं न बोलणाऱ्या नणंदेला चिरंजीव म्हणावं की मॅडम म्हणावं हे काही ठरेना, म्हणून नुसतं नाव. आशीर्वाद मात्र आहेत, ते तू नको म्हटलंस तरी येणार.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. पत्राला निळी खूण नसते. तू हे वाचलंस की तसंच केरात टाकलंस, मला कळायचं नाही आणि मी आपली सुखात राहीन. पुण्याचा पत्ता रेश्माकडून काढला. तुझ्या मैत्रिणीला बोल लावू नको, तिने बरेच आढेवेढे घेतले. मग मी तिच्या घरी पापड लाटायला गेले आणि पहिली चळत संपायच्या आत ती बोलली.

कामाचं सांगते. मला पायथन शिकायचंय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मी थांबते. बारावी झालेली, गिरणीवर पोती मोजणारी बाई आता प्रोग्राम लिहिणार. तर अगदी पहिल्यापासून शिकायचं तर कुठलं पुस्तक घेऊ, एवढंच मला विचारायचंय.

तुझा कॉम्प्युटर अजून गिरणीच्या कोपऱ्यात आहे, खताच्या रिकाम्या गोणीखाली झाकलेला. त्या दिवसानंतर तुझ्या दादाने त्याला हात लावला नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. पण बायका विसरलेल्या नाहीत. वरच्या पाड्यावरच्या बायका डोक्यावर भात घेऊन उतरतात आणि आपली पाळी येईपर्यंत दिवसभर भिंतीला टेकून बसतात. तुझा प्रोग्राम होता तेव्हा पोती टाकून घरी जायच्या, भरडून झालं की फोनवर मेसेज जायचा. ठमी मला परवा म्हणाली, "ती पोरीची मशीन बरी व्हती गो, माजा दिवस वाचायचा." आता मे महिन्यात पावसाळ्याच्या भरडाईची गर्दी होईल. त्याआधी तो प्रोग्राम चालू करायचा असं मी ठरवलंय.

जनीचं झालं ते वाईटच झालं. तिच्या पोरीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला झिनीचा बारीक तांदूळ तुझ्या प्रोग्रामच्या घोळात दुसऱ्याच घरी गेला, कळेपर्यंत निम्मा धसईच्या बाजारात विकून झाला, आणि मांडवात रेशनचा तांदूळ शिजला. तुझे दादा गिरणीभर माणसांसमोर तुला म्हणाले, "तुजा सगला शिकलेला पान्यात गेला." त्या संध्याकाळी तू बॅग भरलीस, ती गेलीस. दोन दिवाळ्या झाल्या. आई तुझ्या नावाचा फराळाचा डबा भरतात आणि भाऊबीज उलटली की गुपचूप शेजारी देऊन टाकतात.

तुम्हा भावाबहिणींच्या मध्ये मी पडत नाही. पण प्रोग्राम पुन्हा चालू झाला तर तू घरी येशील असं मला वाटतं. हे लपवणार होते, पण तू ओळखलंच असतंस, म्हणून सांगून टाकलं.

पुस्तकाचं नाव कळव. तेवढंच कळवलंस तरी चालेल.

तुझी वहिनी,
अनिता


टोकावडे,
२१ फेब्रुवारी

रविना,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्या घराण्यात उत्तर द्यायची पद्धत नाही हे मी लग्न झाल्यापासून बघतेय.

पुस्तक मी माझं मीच घेतलं. मुरबाडच्या दुकानात दहावी-बारावीच्या गाईडांपलीकडे काही नव्हतं, म्हणून शहापूर गाठलं. आईंना डोळे दाखवायचे होतेच, त्याही बरोबर होत्या. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना धड दिसत नव्हतं, पण दुकानात पुढे त्याच.

दुकानदाराने तीन पुस्तकं काढली. पहिलं इंग्रजी, उशाला घ्यावं इतकं जाड. दुसरं मराठी, पण त्यातलं मराठी कुठल्या गावचं कोण जाणे. 'आज्ञावली', 'चलपद', 'पुनरावर्तन'. मी म्हटलं, दादा, ह्याचं मराठीत काही आहे का? तिसरं बारीक, सोप्या इंग्रजीतलं, कडेला चित्रं. तिन्हींच्या मुखपृष्ठावर लिहिलेलं होतं की हे अगदी नवशिक्यांसाठी आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं असायचं, पण ते ओळखायचं कसं?

आई म्हणाल्या, "आपून भात कसा घेताव गो? पोत्याचा तोंड बगून घेताव का?"

मी म्हटलं, नाही.

"मधी हात घालून मूठ काढताव. तोंडाला वेपारी चांगलाच भात भरतो. तवा मधलं पान उघड आन वाच. समजला तर घे, नाय समजला तर ठेव."

मला ते एकदम पटलं. माझा सगळा दिवस पोत्यात हात घालण्यात जातो, आणि आजवर त्या मुठीने मला फसवलेलं नाही. जाड पुस्तकाचं मधलं पान उघडलं, काही कळलं नाही. बारीक पुस्तकाचं उघडलं, ओळखीचं एक अक्षर नाही. दोन्ही ठेवली. दुकानदार हसत होता. मग त्याने मागून चौथं काढलं, पायथनचं प्रश्नोत्तरांचं. मधल्या पानावर लिहिलं होतं, 'पायथनची पाच वैशिष्ट्ये लिहा.' पाचही सोपी होती आणि मला एका वाचनात पाठ झाली. आई म्हणाल्या, "ह्याच घे." तेच घेतलं. येताना दोघी इतक्या खुशीत होतो की स्टँडवर भजी खाल्ली.

आता चाळीस पानं पाठ आहेत. पायथन म्हणजे काय, कोणी विचारलं तर मी उभी राहून सांगेन. पण काल तुझे दादा धसईला गेले होते तेव्हा गोणी काढून कॉम्प्युटर चालू केला आणि त्याच्यासमोर बसले, तर काय दाबायचं हे त्या चाळीस पानांत कुठेच नाही. पाच वैशिष्ट्यं टाइप करून बघितली. त्याने लाल अक्षरांत काहीतरी सुनावलं.

रागात असशील तर राग कागदावर लिही. पण पुस्तकाचं सांग.

अनिता


टोकावडे,
१० मार्च

रविना,

पत्राचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर देतात का गो? पण दिलंस. मी तो मेसेज इतक्या वेळा वाचला की पाठ झालाय, आणि ह्या वेळी पाठ केल्याचा उपयोग झाला.

'वहिनी, मधलं पान कळलं तर ते पुस्तक घेऊ नकोस. पहिलं पान कळलं पाहिजे आणि मधलं कळता कामा नये. मधलं आजच कळलं तर मधल्या पानापर्यंत जाऊन तू शिकलीस काय? आणि प्रत्येक पानावर हाताने करून बघायला काहीतरी हवं. ते बारीक घे.'

हे वाचून मी ओट्यावर बसले आणि रडले, हे तुला सांगते. पुस्तकासाठी नाही रडले. दोन वर्षांनी तू मला 'वहिनी' म्हणालीस.

मग आईंना वाचून दाखवलं. मधली मूठ बघितली की सगळं पोतं कळतं, पुस्तकाचं तसं नसतं, हे मी समजावत होते. त्या म्हणाल्या, "म्हंजे ह्या पोत्यासारका नाय, शेतासारका हाय. आज पेरला तर आज लोंबी बगाया जायाचा नाय." मग म्हणाल्या, "जेवते का ती टायमाला, तसा काय लिवलाय?" तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, हो, लिहिलंय. आता तू मला खोटं पाडू नको, वेळेवर जेव.

शहापूरला परत गेले, बारीक पुस्तक आणलं. दुकानदाराने प्रश्नोत्तरं परत घेतली नाहीत. ती आता शेजारच्या अकरावीतल्या हिरीकडे आहेत, तिला गुण मिळतील.

पहिल्याच पानावर आपलं नाव पडद्यावर उमटवायचं होतं. मी आईंचं उमटवलं. त्यांना बोलावून दाखवलं, 'गुणाबाई'. त्यांना वाचता येत नाही, पण मी सांगितल्यावर त्या पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. "माजा नाव घेतला. आता पुडं काय बोलतो त्यो?" मी म्हटलं, पुढचं मला अजून शिकवलेलं नाही. "मग शीक," म्हणाल्या, आणि तिथेच भाजी निवडत बसल्या.

रोज दुपारी, गिरणीचा पट्टा बंद असतो तेव्हा बसते. स्वल्पविरामाच्या बटणात तूस जाऊन बसलंय, ते दाबलं की एकदा उमटतं नाहीतर चारदा. आणि पुस्तकाला स्वल्पविराम फार लागतात. लाल अक्षरांची आता भीती वाटत नाही. शेवटची ओळ आधी वाचायची, हे त्याच पुस्तकाने शिकवलं.

तुझ्या दादाने तिसऱ्या दिवशी बघितलं. दारात उभे राहिले. मला वाटलं आता ओरडणार. म्हणाले, "काय करतंस?" मी म्हटलं, शिकतेय. "कोनाकडून?" मी म्हटलं, पुस्तकाकडून. आणि पुस्तक कोणी सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. ते निघून गेले. संध्याकाळी बघते तर कॉम्प्युटरवरची खताची गोणी गेलेली आणि तिथे आमच्या पलंगावरची धुतलेली चादर घडी करून ठेवलेली. मी काही विचारलं नाही. विचारलं की ती चादर पण परत पलंगावर जाते, इतकी वर्षं मी संसार करतेय.

तुझी,
अनिता वहिनी


टोकावडे,
६ एप्रिल

रविना,

हे पत्र नीट बसून वाच.

मी मधल्या पानावर पोचले. शहापूरच्या दुकानात उघडलं होतं तेच पान, आणि आता ते कळतं. डिक्शनरीचा धडा. डावीकडे नाव, त्याच्यापुढे त्या नावाची माहिती. पुस्तकात फळवाल्याचं उदाहरण आहे. आंब्यापुढे एक भाव लिहिला, मग पुन्हा आंबा लिहून दुसरा भाव लिहिला, की पहिला भाव पुसला जातो. यंत्र विचारत नाही, सांगतही नाही.

मी फळांच्या जागी आपल्या गिरणीतली नावं घालून बघत होते. जनी, चार पोती झिनी. मग ठमी, मग बारकी. मग पुन्हा जनी, ही खालच्या आळीतली, दोन पोती जाडा. आणि जनीची पोती किती विचारलं तर दोन म्हणाला. चार पोती झिनी कुठेच नाही. वरच्या पाड्यातली जनी नाहीच. एकच जनी, खालच्या आळीतली.

आपल्याकडे तीन जन्या, चार बारक्या. घरोघरी धाकटी ती बारकी. लग्नाची झिनी अशीच गेली ना? खालच्या जनीचं नाव नंतर लिहिलं, वरच्या जनीचं पुसलं गेलं. पोती मात्र जागेवरच होती, एका रांगेत. मेसेज एकीलाच गेला आणि तिचा नवरा गाडी घेऊन आला, जनीच्या नावाची सगळी पोती भरून घेऊन गेला. त्याने चोरी केली नव्हती, किती पोती टाकली ते बायकोलाच ठाऊक, आणि मेसेजात नुसतं 'जनीचं भरडून झालं' एवढंच असायचं.

मी धावत तुझ्या दादाकडे गेले. ते मशीनला तेल घालत होते. मी त्यांना पुस्तक दाखवलं, आंबे दाखवले, जनी दाखवली. म्हटलं, प्रत्येकीला एकेक नंबर असता तर हे झालंच नसतं.

त्यांनी तेलाचं भांडं खाली ठेवलं.

"नंबर व्हता," म्हणाले. "तिनं घातला व्हता. मीच काडाया लावला. बोललो, आपल्या गिरनीवर मानसं नावानं येतात, नंबरानं नाय. आपली बाय नंबर ध्यानात ठेवनार का? ती बोलली, दादा, नको काडू. मी बोललो, गिरनी माजी हाय का तुजी?"

मी म्हटलं, मग त्या दिवशी एवढं बोललात ते?

"मला कुटं म्हाईत, त्या नंबर काडल्यानं झाला? मला वाटला, ती शिकली नाय नीट." मग बराच वेळ हात पुसत राहिले, हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. "तिला म्हाईत व्हता का गो? तवाच?"

हे मी तुला विचारतेय, रविना. तुला माहीत होतं का? आणि माहीत होतं तर सगळ्यांसमोर एवढं ऐकून घेतलंस, आणि 'नंबर तू काढायला लावलास' हे एक वाक्य का बोलली नाहीस?

अनिता


टोकावडे,
२८ एप्रिल

प्रिय रविना,

तुझं पत्र मिळालं. पाकिटातलं, शाईचं, तीन पानांचं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी गिरणीत होते आणि तुसाने माखलेल्या हातांनीच फोडलं, त्याचे डाग पडलेत.

तू लिहितेस की तुला त्याच रात्री गाडीत कळलं. आणि 'नंबर दादाने काढायला लावला, पण काढला मी. त्याला कळत नव्हतं म्हणून त्याने सांगितलं. मला कळत होतं तरी मी ऐकलं, कारण त्याला खूश बघायचं होतं. मग त्याच्याकडे बोट कुठल्या तोंडाने दाखवू? आणि जनीला काय तोंड दाखवू?' आम्ही इथे दोन वर्षं समजत होतो की तू रागावली आहेस. तू लाजेने आली नाहीस. रागावलेल्या माणसाची समजूत तरी घालता येते गो. तू तर आम्हाला तेवढीही वाट ठेवली नाहीस. मला हे वाचून तुझा भयंकर राग आला आणि मग तुला पोटाशी धरावंसं वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

तुझ्या दादाला पत्र वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गेले. परवा शनिवारी गिरणी भरलेली होती, त्या दोन्ही जन्या होत्या, ठमी होती, धसईकडचीही चार माणसं होती. त्यांनी मध्येच पट्टा बंद केला. एकदम शांत झाल्यावर सगळे बघायला लागले. त्यांना भाषण येत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणाले, "त्या टायमाला मी रवीला बोललो ना, शिकलेला पान्यात गेला. त्या चुकीचा बोललो. तिनं नंबर घातला व्हता, मी काडाया लावला. तुमी समदे व्हते तवा, म्हनून समद्यांना सांगतो." आणि पट्टा पुन्हा चालू केला. सोसायटीच्या निवडणुकीत पडले तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता, आणि मला ते लग्नाच्या दिवशीही इतके आवडले नव्हते.

वरच्या जनीने काय म्हणावं? मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "तांदलाचा काय घेऊन बसलास रे सुन्या! माज्या पोरीचा पोरगा चालाया लागला. ती रवी कवा येते त्या सांग." तुझे दादा माझ्याकडे बघायला लागले, मी तराजूकडे.

आता प्रोग्रामचं. तू पत्रात शेवटी लिहितेस, 'एखाद्या रविवारी, दादा बाजाराला गेला असेल तेव्हा येऊन मी तो दुरुस्त करून देते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते.' ते मी दोनदा वाचलं.

तो मी दुरुस्त केला. तुझ्याइतका सुबक नसेल, पण चालतो. नंबर आतल्या आत पडतो, बायकांना दिसत नाही. त्यांना नंबर सांगून बघितला होता, तर ठमी म्हणाली, मी काय कैदी हाय का? म्हणून मी असं केलंय की नाव लिहिलं आणि त्या नावाची बाई आधीच यादीत असली, तर तो पडद्यावर विचारतो, 'कुठली जनी?' मग आपण लिहायचं, वरच्या पाड्यातली, किंवा खालच्या आळीतली, किंवा अमक्याची सून. गावातलं कुठलंही माणूस हेच विचारतं, तर त्याने का विचारू नये? पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा गिरणीत एवढा हशा पिकला की आई घरातून बघायला आल्या. मेसेजही जायला लागलेत. काल बारकी मेसेज बघूनच आली, आपली पोती घेतली आणि गेली, भिंतीला टेकलीसुद्धा नाही.

बारीक पुस्तकाची शेवटची थोडी पानं राहिलीत, ती मी माझी वाचेन. अडले तर लाल अक्षरांची शेवटची ओळ आहेच. गिरणीत तुला दुरुस्त करण्यासारखं काही राहिलेलं नाही, जनीची माफी मागायला हवी असं नाही, दादाला टाळून रविवार शोधायलाही नको. दुरुस्तीसाठी आलेलं माणूस दुरुस्ती झाली की संध्याकाळच्या गाडीने जातं, आणि मला ते नको होतं. म्हणून मी घाईघाईने, रोज दुपारी डोकं फोडून, तुझ्या आधी तो नीट करून टाकला.

रविना, आता तुझं इथे काहीही काम नाही. म्हणून ये.

तुझी,
वहिनी